आतला पंचनामा

मोडलेल्या नडगीत एक त्रिकोण असतो, आणि गाडी कुठून आली ते तो त्रिकोण सांगतो! ही गोष्ट कळली त्या रात्री मला धड झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला मी ती ऐकवत सुटलो, आणि आता तुम्हाला ऐकवणार आहे.

उभ्या माणसाच्या नडगीवर बंपर आदळला की हाड आधी वाकतं. वाकताना धक्क्याकडची बाजू दाबली जाते, पलीकडची ताणली जाते. हाड दाब बराच सोसतं, ताण तितका सोसत नाही. म्हणून ते पलीकडून तडकतं, चीर धक्क्याच्या दिशेने परत येता येता तिला दोन फाटे फुटतात आणि मधली एक पाचर सुटी होते. पाचरीचा रुंद पाया ज्या अंगाला, तिकडून गाडी आली. टोक जिकडे, तिकडे ती चालली होती. म्यूनिकच्या ओटो मेसेरर नावाच्या डॉक्टरने १८८०च्या सुमारास माणसाची हाडं यंत्रात धरून, वाकवून, मोडून हा सगळा अभ्यास केला. मोटारगाडी अजून रस्त्यावर यायची होती तेव्हा!

आणखी ऐका. तो मोड टाचेपासून किती उंचीवर आहे ते मोजायचं आणि गाडीच्या बंपरच्या उंचीशी ताडून बघायचं. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली बसतं. मग बंपर नेहमीपेक्षा खाली लागतो आणि मोडही खाली येतो. म्हणजे ‘साहेब, मी ब्रेक मारला होता’ असं ड्रायव्हर सांगतो, त्याला मेलेल्या माणसाचं हाड दुजोरा देऊ शकतं, नाहीतर खोटं पाडू शकतं. दोन्ही नडग्या एकाच उंचीवर मोडल्या असतील तर माणूस बहुधा उभा होता. वेगवेगळ्या उंचीवर असतील तर चालत किंवा पळत होता, एक पाय उचललेला होता. पाचर दर वेळी सुटतेच असं नाही, आणि चपलेच्या टाचेचीही उंची धरावी लागते. पण जेव्हा सुटते तेव्हा काय साक्ष आहे ती!

मला याचं एवढं वेड का लागावं, ते सांगतो. कोकणात, लांज्यात हायवेला माझं स्पेअरपार्टचं दुकान आहे. बंपर, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकलायनर यांच्यातच माझं आयुष्य गेलं. कुठल्या गाडीचा बंपर जमिनीपासून किती वर, हे मला टेप न लावता सांगता येतं. आणि दुकान हायवेला असल्यामुळे दुसरंही एक काम वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला येत गेलं आहे. वाकेडच्या बाजूला किंवा आंजणारीच्या घाटात काही झालं की हवालदार हाक मारतात, ‘शेठ, जरा पंच म्हणून या.’

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांनी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा, हे कायद्यातच आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. अंगावर दिसणाऱ्या जखमा, मोडलेली हाडं, मुका मार यांचं वर्णन करायचं आणि त्या कशाने झाल्या असाव्यात तेही नोंदवायचं. प्रतिष्ठित म्हणजे काय, तर जो बोलावल्यावर येतो तो! आम्ही बघतो आणि लिहून होतं: डोक्यास मार, उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला, नाकातोंडातून रक्त. खाली सही. आत काय झालं आहे ते आम्हाला काय कळणार? ते डॉक्टरांनी फाडून बघायचं. पुढे पीएमच्या कागदावर बहुतेक वेळा ‘हेड इन्ज्युरी’ येतं आणि फाइल मिटते.

हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं काय सांगू? सप्टेंबर २०२२मध्ये आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर खाली काजळी नदीत कोसळला, चालक गेला, महामार्ग बंद पडला. वर खेडजवळ २०१३च्या मार्चमध्ये जगबुडीच्या पुलावरून बस कोसळली, त्यात ३७ माणसं गेली. या मोठ्या बातम्या. मधल्या काळात एकेक, दोन-दोन जातात, ते स्थानिक पानावरही चार ओळींत संपतात.

तर माझा भाचा. घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात तो रेडिऑलॉजीचं एमडी करतो. गणपतीला आला होता. आरत्या, जेवणं आटोपल्यावर पडवीत त्याने लॅपटॉप उघडला होता आणि मी सहज मागून डोकावलो. पडद्यावर माणसाच्या छातीचे आडवे काप होते, काळे-पांढरे. एका अपघातातल्या रुग्णाचा सीटी स्कॅन होता, नाव-गाव पुसलेला, विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवलेला. ‘मामा, हा माणूस वाचलाय, घाबरू नका,’ हे त्याने आधीच सांगितलं म्हणून मी खुर्ची ओढली.

त्याने माउसचं चाक फिरवलं आणि आम्ही त्या माणसातून खाली उतरू लागलो. गळा, खांदे, फुप्फुसं, हृदय. एका मिलिमीटरहूनही बारीक काप. मग त्याने एक बटण दाबलं आणि ते सगळे काप एकावर एक रचले जाऊन पडद्यावर सबंध माणूस उभा राहिला. दुसरी एक पट्टी सरकवली, कातडी विरघळली. आणखी सरकवली, मांस गेलं. राहिला नुसता सांगाडा, आणि भाच्याने तो बोटाच्या टोकाने गरकन फिरवला! डावीकडच्या चार बरगड्या मोडलेल्या, एकाखाली एक, सरळ रेषेत. मला कोणी काही सांगायच्या आधीच मी म्हटलं, ‘डावीकडून लागलंय, आणि लागलेली वस्तू उभी असणार. गाडीचा पिलर?’ भाचा माझ्याकडे बघतच राहिला.

त्यामागचं गणित तर त्याहून भारी. सीटी स्कॅन म्हणजे शेवटी क्ष-किरणच, पण चहूबाजूंनी फिरून घेतलेले. शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याने किती किरण अडवले त्याचा आकडा निघतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, टणक हाडाला अधिक १००० किंवा त्याहून जास्त, गोठलेल्या रक्ताला साधारण ५० ते ८०. म्हणजे पोटात जे साचलंय ते पाणी आहे की रक्त, हे आकड्यावरून ओळखू येतं. या मापाला हाउन्सफील्डचं नाव आहे. गॉडफ्री हाउन्सफील्ड हा इंग्लंडातल्या शेतकऱ्याचा मुलगा, ईएमआय कंपनीत इंजिनिअर. एचएमव्हीच्या तबकड्यांवर आपण नाट्यगीतं ऐकली ना, तीच ही कंपनी! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्याच्या यंत्राने पहिल्या जिवंत रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९मध्ये त्याला अ‍ॅलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं. डॉक्टरकीची पदवी दोघांपैकी एकाकडेही नव्हती. गॅरेजवाल्यांच्या संगतीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मी तो प्रश्न विचारला. ‘अरे, हे मेलेल्या माणसाचं करता येतं?’

‘मामा, मेलेल्याचं तर जास्त चांगलं येतं. तो हलत नाही, श्वास घेत नाही, आणि किरण जास्त लागतील ही काळजी नाही.’

त्यानंतर मी त्याला गावी आल्यासारखं वागू दिलंच नाही. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, तो माझ्या तावडीत. त्याच्याकडची पुस्तकं, छापून आलेले लेख, चित्रं, सगळं मी उपसलं.

कळलं ते असं. क्ष-किरण आणि कोर्ट यांचं नातं क्ष-किरणांइतकंच जुनं आहे. रॉन्टगेनला हे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ला. त्याच नाताळात कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये एकाने दुसऱ्याच्या पायात गोळी झाडली. डॉक्टरांना गोळी सापडेना. मॅकगिल विद्यापीठातल्या जॉन कॉक्स या प्राध्यापकाने फेब्रुवारी १८९६मध्ये पाऊण तास किरण सोडून त्या पायाचा फोटो काढला. नडगीच्या दोन हाडांमध्ये चपटी झालेली गोळी! ते चित्र कोर्टात पुरावा म्हणून गेलं आणि आरोपीला शिक्षा झाली. शोध लागून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. आपल्याकडे एखाद्या नव्या गोष्टीचा शासन निर्णय निघायला किती वर्षं लागतात ते आठवून मी गप्प बसलो.

मृतदेहाचं खरं पद्धतशीर काम सुरू झालं स्वित्झर्लंडमध्ये. बर्न विद्यापीठाच्या न्यायवैद्यक संस्थेत रिचर्ड डर्नहोफर आणि मायकेल थाली यांनी गेल्या शतकाच्या शेवटी व्हर्टॉप्सी नावाचा प्रकल्प हाती घेतला. आधी सीटी, एमआरआय, मग नेहमीचं शवविच्छेदन, आणि दोन्हींचा ताळा. पहिल्या ४० मृतदेहांचा वृत्तांत त्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केला. पण माझ्या डोळ्यांसमोर चांदण्या चमकल्या त्या त्यांच्या पुढच्या कामाने. ही मंडळी अंगावरच्या जखमांचं बाहेरून प्रकाशाने मोजमाप घेतात, सीटीतून आतली हाडं घेतात, आणि अपघातातल्या गाडीचंही तसंच त्रिमितीय मोजमाप करतात, चेपलेल्या बॉनेटसकट! मग संगणकावर माणूस आणि गाडी समोरासमोर आणून कुठला चेप कुठल्या जखमेला बसतो ते जुळवतात. मी आयुष्यभर चेपलेली बॉनेटं बघितली. त्यांच्यात समोरच्या माणसाचा साचा असू शकतो, हे मनातही आलं नव्हतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. नेहमीच्या पीएममध्ये डोकं, छाती आणि पोट उघडतात. चेहऱ्याची हाडं, पाठीमागचे मणके, हातपाय, पावलं ही सहसा उघडली जात नाहीत. चेहरा तर मुद्दाम राखतात, कारण घरच्यांना तो शेवटचा बघायचा असतो. आणि मारहाणीत, अपघातात, पडण्यात निम्मी कथा तिथेच लिहिलेली! स्कॅनला मात्र सगळं सारखंच. टाळूपासून तळपायापर्यंत, काही न कापता, तेही सीलबंद पिशवीतून बाहेर न काढता. काही मिनिटांचं काम.

कोकणातल्या माणसाला यातलं काय भिडेल? झाडावरून पडणं! आंब्याच्या मोसमात, नारळ-फणस काढताना, सुपारीच्या बागेत माणसं पडतात आणि जातात. झाडाखाली एकटा माणूस मेलेला सापडला, बाजूला आंबे काढायचा झेला पडलेला. पडला, की कोणी मारून झाडाखाली टाकला? जमिनीचा वाद असेल तर गावात कुजबुज सुरूच होते, आणि ती पिढ्यानपिढ्या चालते. अशा वेळी हाडं बोलतात. उंचावरून पायावर पडलेल्याची टाचेची हाडं चुरडतात, धक्का वर चढत कमरेचे मणके दबतात, आणि जोर फार असला तर कण्याचा माथा कवटीच्या तळात घुसू पाहतो. कवटीच्या तळाला मज्जारज्जू उतरण्याचं जे भोक असतं त्याच्याभोवती गोल चीर जाते. टाच, मणका, कवटीचा तळ, एकाच रेषेत! नुसतं डोक्यात लाकूड घालून मारलेल्याला ही साखळी नसते. आणि टाच कोण उघडून बघतंय?

वार एकापेक्षा जास्त असतील तर त्यांचा क्रमसुद्धा निघतो. जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञ गेओर्ग पुप्पे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधा नियम सांगितला. कवटीवर पहिल्या घावाची चीर आधीच गेलेली असेल, तर दुसऱ्या घावाची चीर तिच्यापर्यंत येऊन थांबते, ओलांडून जात नाही. सांगाड्याच्या त्रिमितीय चित्रावर चिरांचा बोटाने मागोवा घेत जा आणि कोणती कोणाला अडली ते बघा, पहिला घाव कुठला ते कळतं. आधी घाव आणि मग पडणं, की आधी पडणं आणि मग घाव? खून आणि अपघात यांतला फरक एका चिरेच्या टोकाशी थांबलेला असतो.

हवेची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मानेची मोठी शीर कापली गेली तर श्वासाबरोबर बाहेरची हवा शिरेत ओढली जाऊ शकते. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात साचते आणि रक्त पुढे जाईनासं होतं. माणूस जातो, आणि मारेकरी असतो हवेचा फुगा. शवविच्छेदनात छाती उघडली की हवा निघून जाणार, किंवा बाहेरची आत येणार. मग सिद्ध काय करणार? जुनी पद्धत अशी की हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरायचं, पाण्याखाली कप्प्याला भोक पाडायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. म्हणजे आमच्या शेजारचा पोरगा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो, अगदी तेच! स्कॅनमध्ये हवा उणे १०००, कुट्ट काळी, जिथल्या तिथे. फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवाही तशीच दिसते. गोळ्या, छर्रे, सुऱ्याचं तुटलेलं टोक, धातूचा बारीकसा कण, हे तर चकाकून वर येतं.

ओत्झीचं ऐकलंय का? १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर ५,००० वर्षांहून जुना माणूस सापडला. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्याला दहा वर्षं तपासला. थंडीने गारठून गेला, पडून मेला, असं म्हणत राहिले. २००१मध्ये क्ष-किरण चित्रात त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं दगडी टोक दिसलं! पुढे सीटीतून कळलं की बाणाने खांद्याजवळची मोठी रक्तवाहिनी फाडली होती. पाच हजार वर्षांपूर्वीचा खून, आणि तो उघडकीस आला चित्रातून. तिकडे इजिप्तचा तुतनखामेन, त्याच्या डोक्यात घाव घालून मारला अशी शंका १९६८च्या क्ष-किरण चित्रापासून चालत आलेली. २००५मध्ये सीटीचे सुमारे १,७०० काप घेतले, घावाचा पुरावा नाही निघाला, निघालं ते डाव्या मांडीचं मोडलेलं हाड. एकाचा अपघात खून ठरला, दुसऱ्याच्या खुनाची शंका फिटली. दोघांनाही आणखी कापावं लागलं नाही.

हे सगळं परदेशात आणि पुराणकाळात, असं म्हणून तुम्ही पान उलटू नका. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या व्हिक्टोरिया न्यायवैद्यक संस्थेत २००५पासून शवागारातच सीटी यंत्र आहे आणि दाखल होणाऱ्या मृतदेहांचा स्कॅन ही तिथली रोजची रीत आहे. २००९च्या वणव्यात १७३ माणसं गेली, तेव्हा ओळख पटवायलाही तेच उपयोगी आलं. आपल्याकडे डिसेंबर २०१९मध्ये तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी राज्यसभेत सांगितलं की भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि दिल्लीचं एम्स मिळून हे तंत्र आणत आहेत. मार्च २०२१मध्ये एम्समध्ये डॉ. सुधीर गुप्ता यांच्या न्यायवैद्यक विभागात केंद्र सुरू झालं. सप्टेंबर २०२२मध्ये विनोदवीर राजू श्रीवास्तव गेले, त्यांचं शवविच्छेदन याच पद्धतीने झालं. मी तेव्हा ती बातमी वाचली असेलच. पण हातातून गेली.

भाचा मात्र मला दर अर्ध्या तासाने जमिनीवर आणत होता. डॉक्टरांची ही खोड चांगली आहे, हे मान्य करायला हवं. २०१२मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या १८२ मृत्यूंचा अभ्यास आला. नुसत्या सीटीवरून सांगितलेलं मृत्यूचं कारण आणि शवविच्छेदनात निघालेलं कारण यांत ३२ टक्के वेळा मोठा फरक होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, फुप्फुसात अडकलेली गुठळी, न्यूमोनिया, हे सीटीला धड दिसत नाहीत. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून स्कॅन केला तर बरंच सुधारतं. लेस्टरमधल्या २१० मृत्यूंच्या २०१७च्या अभ्यासात ९२ टक्के वेळा मृत्यूचं कारण तसं सांगता आलं. पण विष? ते स्कॅनला कळत नाही. व्हिसेरा राखावाच लागतो. वास, जखमेचा रंग, मुका मार किती जुना, हे डॉक्टरच्या डोळ्यांनी आणि नाकानेच. हृदयाला गेलेली छोटी चीर, यकृताची बारीक फाट सुटू शकते. आणि आपल्या दमट हवेत नदीतून दोन-तीन दिवसांनी काढलेल्या देहात कुजण्याचा वायू सगळीकडे पसरलेला असतो, तिथे माझ्या लाडक्या काळ्या हवेचा पुरावा पार गोंधळतो.

म्हणून सुरी जाणार नाही. पण अपघात, मारहाण, पडणं, गोळी, यांत मोडलेली हाडं, साचलेलं रक्त आणि शिरलेली हवा हाच मुख्य मामला असतो, आणि तिथे हे यंत्र वाघ आहे. आधी स्कॅन, मग डॉक्टरने ठरवावं कुठे आणि किती उघडायचं. ‘फाडू नका हो’ म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात हात जोडणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांच्या विनवणीला आजवर एकच उत्तर होतं, कायदा. मी कायदा वाचला. मृतदेह ‘तपासणीसाठी’ सिव्हिल सर्जनकडे किंवा पात्र डॉक्टरकडे पाठवावा एवढंच त्यात आहे. सुरीने तपासा असं कुठे म्हटलंय? वकील मंडळी यावर हसतील कदाचित. हसोत.

मला पंच म्हणून जे सर्वांत मोठं वाटतं ते वेगळंच आहे. आमच्यात दहन होतं. सकाळी पीएम, दुपारी अग्नी, संपलं. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रश्न निघतो की गाडी कोण चालवत होता, मागे बसलेला की पुढचा, उजवीकडचा की डावीकडचा, ब्रेक लागला होता का. विमा कंपनीचा वकील खोदून विचारतो. उत्तर द्यायला उरतात कागदावरच्या तीन ओळी आणि आमच्या सह्या. देह पुन्हा कोणी आणू शकत नाही. स्कॅन मात्र तसाच असतो! लांज्यात न कळलेली गोष्ट मुंबईतला तज्ज्ञ बघू शकतो, आरोपीचा वकील आपला तज्ज्ञ आणू शकतो, पहिल्या डॉक्टरने न बघितलेली टाच दहा वर्षांनी कोणीतरी बघू शकतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र जोडायची सोय आहे. त्यात फाइलचा हॅश आकडाही द्यायचा असतो. फाइलमध्ये कोणी एक ठिपका बदलला तरी हॅश जुळत नाही. आमच्या पंचनाम्यातली खाडाखोड इतक्या चोखपणे कोणी पकडली असती?

जमणार कसं, हा पुढचा प्रश्न, आणि मी त्यावर स्वस्थ बसलेलो नाही. लांज्यात यंत्र आणून ठेवा असं मी म्हणत नाही. जिवंत माणसांनाच सीटीसाठी रत्नागिरी किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, तिथे मेलेल्यांसाठी आधी यंत्र मागितलं तर लोक मला मारतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पण रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की न्यायवैद्यकशास्त्र आणि रेडिऑलॉजी हे दोन्ही विभाग आलेच. या दोन विभागांनी आठवड्यातून काही पहाटेचे तास ठरवले, जेव्हा रुग्णांची रांग नसते, तर निवडक मृत्यूंपासून सुरुवात होऊ शकते. सगळे नकोत. ज्यांत प्रश्न आहे तेवढेच: कोणी न पाहिलेला अपघात, टक्कर मारून पळालेली गाडी, झाडाखाली सापडलेला माणूस. वाचणारं मनुष्यबळ लागेल, कारण जिवंत माणसाचा स्कॅन वाचणं आणि मृताचा वाचणं वेगळं. मेल्यावर रक्त खालच्या अंगाला उतरतं आणि फुप्फुसाचा मागचा भाग आजारी असल्यासारखा पांढरा दिसतो. न शिकलेला त्याला न्यूमोनिया म्हणून मोकळा होईल.

भाच्याला प्रबंधाचा विषय अजून ठरवायचा आहे. एमडीला तो लागतोच. मी त्याला सुचवला आहे: कोकणात झाडावरून पडून झालेल्या मृत्यूंमध्ये शवविच्छेदनाआधी सबंध देहाचा सीटी. रोज रात्री फोन करून पाठपुरावा चालू आहे. बहीण वैतागली आहे, तो वैतागला आहे, पण काल त्याने गाइडपुढे विषय काढला. गाइडनी एकच विचारलं, एका मोसमात एका तालुक्यात अशा किती केसेस येतात? चांगला प्रश्न आहे. पोलीस पाटलांना गावागावातलं ठाऊक असतं आणि ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद असते. उद्या दुकान पोराच्या हवाली करून मी निघतोय.